‘तुझे तू ठरव’ : गर्भपाताच्या निर्णयात पुरुषाचे स्थान

(अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : उत्पत्ति १६:१-१६, उत्पत्ति ३८:११-२६, २ शमुवेल ११ व १२, मत्तय १:१८-२५

पाठाचा उद्देश : गर्भपाताचा प्रश्न हा केवळ स्त्रीचा प्रश्न नसून त्यात पुरुषाचीही जबाबदारी व पुरुषाचेही दुःख आहे, हे शास्त्राच्या प्रकाशात समजून घेणे.



आपल्या मंडळ्यांतून गर्भपाताविषयी फार क्वचित बोलले जाते. जेव्हा बोलले जाते तेव्हा बोलण्याचा सारा रोख स्त्रीकडे असतो. तिने काय केले, तिने काय करावयास हवे होते, तिला काय सोसावे लागले, एवढेच आपण विचारतो. ज्या पुरुषावाचून तो गर्भ राहिलाच नसता तो या चर्चेत कोठेच दिसत नाही. महिला मंडळात या विषयावर एखादे व्याख्यान होते. पुरुषांच्या सभेत ते झाल्याचे फारसे ऐकिवात नाही.

प्रस्तुत पाठात आपण त्या पुरुषाकडे पाहणार आहोत. तो पती असेल, लग्न ठरलेला तरुण असेल, किंवा सून गरोदर असलेल्या घरातील सासरा असेल. गर्भपाताविषयी सर्व मंडळ्यांची शिकवण अगदी एकसारखी नाही. रोमन कॅथोलिक मंडळी हेतुपुरस्सर केलेला कोणताही गर्भपात अमान्य करते. इतर अनेक मंडळ्या जीवनाचे पावित्र्य मान्य करूनही आईच्या प्राणावर बेतले असता वेगळा विचार करतात. तो वाद येथे सोडवावयाचा नाही. मात्र उदरातील जीव परमेश्वराच्या दृष्टीआड नाही, असे स्तोत्र १३९ आपल्याला शिकवते, आणि ही शिकवण पुरुषालाही तितकीच लागू आहे.

१. कायदा काय म्हणतो

भारतात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली संमत झाला व १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. २०२१ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. आज वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने, आणि ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांच्या बाबतीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, कायद्यातील कारणांसाठी गर्भपात करता येतो. संमतीचा नियम मात्र पहिल्यापासून स्पष्ट आहे. स्त्री सज्ञान असेल व मनाने सक्षम असेल, तर केवळ तिचीच संमती लागते. पतीची सही कायद्याने आवश्यक नाही. पुष्कळ दवाखान्यांतून ती मागितली जाते, ती केवळ रूढीने.

पत्नीने आपल्या संमतीवाचून गर्भपात करून घेतला म्हणून एका पतीने पत्नी, तिचे नातलग व डॉक्टर यांच्याविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावला होता. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ साली तो फेटाळला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. उलट, स्त्रीच्या संमतीवाचून तिचा गर्भपात घडवून आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ प्रमाणे जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेतही तो तसाच होता.

हे वाचून एखादा पुरुष म्हणेल, “मग माझा संबंधच काय? निर्णय तिचा आहे.” येथेच आपली मोठी गल्लत होते. कायदा अंतिम शब्द स्त्रीला देतो, कारण देह तिचा आहे आणि प्राणाची जोखीमही तिचीच आहे. परंतु अंतिम शब्द तिचा आहे म्हणून तिच्या भोवतालची परिस्थिती निर्माण करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. निर्णय ती एकटी उच्चारते खरी, पण तो पुष्कळदा दोघांच्या, आणि कधी साऱ्या घराच्या, वागणुकीतून आधीच घडलेला असतो.

२. अब्राम : हात झटकणारा पुरुष

उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात गर्भपात नाही. पण त्यात एक गरोदर स्त्री आहे आणि तिच्याविषयी निर्णय घेण्याची वेळ आली असता मागे सरणारा पुरुषही आहे. साराय हिच्या सांगण्यावरून अब्रामाने हागारेला जवळ केले. हागार गरोदर राहिली, घरात कलह माजला आणि सारायने अब्रामाकडे दाद मागितली. तेव्हा दासी तुझ्या स्वाधीन आहे, तुला बरे दिसेल तसे तिच्याशी वाग, अशा अर्थाचे उत्तर देऊन तो मोकळा झाला (वचन ६). सारायने तिला छळले आणि ती गरोदर स्त्री रानात पळून गेली.

अब्रामाने हागारेवर हात उगारला नाही. तिला घालवून दे, असेही तो म्हणाला नाही. त्याने एवढेच केले की निर्णय दुसऱ्यावर सोपवला. मूल त्याचे होते, घरातील सत्ता त्याची होती, आणि तरी तो बाजूला झाला. त्याच्या या बाजूला होण्याचाच परिणाम हागारेला भोगावा लागला.

आजच्या घरांतील बोली काही निराळी नाही. “तुझे तू ठरव.” “तुला झेपत असेल तर ठेव.” “आत्ता आपल्याला परवडणार आहे का, ते तूच बघ.” हे शब्द वरवर मोठे उदार वाटतात; जणू पती पत्नीला स्वातंत्र्य देत आहे. पण ज्या स्त्रीला दिवस गेले आहेत आणि जी घाबरली आहे, तिच्या कानांना त्यातून एकच गोष्ट ऐकू येते, की पुढे जे काही होईल ते तिला एकटीलाच निभवावे लागेल. मग ती मुकाट्याने ‘पिशवी साफ करून’ घेते आणि पती पुढे आयुष्यभर म्हणतो, “निर्णय तिचा होता.” अशा वेळी मूग गिळून बसणे हासुद्धा एक निर्णयच असतो.

हागारेला रानात कोणी पाहिले? शूरच्या वाटेवरील झऱ्यापाशी परमेश्वराच्या दूताने तिला गाठले, नावाने हाक मारली आणि ती कोठून आली व कोठे चालली आहे, हे विचारले. अब्रामाने न विचारलेला प्रश्न देवाने विचारला. म्हणूनच त्या विहिरीला ‘बैर-लहाय-रोई’ हे नाव पडले. पाहणाऱ्या देवाची आठवण त्यात आहे. गरोदर पत्नीपुढे पुरुषाचे पहिले कर्तव्य तेच आहे. सल्ला देण्यापूर्वी तिला पाहावे, तिला विचारावे आणि उत्तर पुरते ऐकावे.

३. यहूदा : स्वतःची खूण ओळखणारा पुरुष

उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायात यहूदाला कळते की त्याची विधवा सून तामार गरोदर आहे. तो तत्काळ न्यायाधीश बनतो व तिला जाळून टाकण्याची आज्ञा देतो. त्या क्षणी त्याच्या मनात पुरुषाचा विचारही येत नाही. दोष जणू एकटीनेच केलेला असावा. मग तामार तीन वस्तू पुढे करते : मुद्रा, गोफ आणि काठी. त्या यहूदाच्याच असतात. तेव्हा तो कबूल करतो की ती आपल्यापेक्षा अधिक न्यायी आहे.

आपल्या समाजात गर्भपाताविषयी कठोर बोलणाऱ्या पुरुषांनी ही मुद्रा, गोफ व काठी डोळ्यांपुढे ठेवावी. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असावेत. त्यांतील जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्णालयाबाहेर, गोळ्या घेऊन झाले. औषधाच्या दुकानातून या गोळ्या पुष्कळदा पतीच आणून देतो. डॉक्टरांना न दाखवता, गर्भ किती आठवड्यांचा आहे व तो गर्भाशयातच आहे की बाहेर, हे न पाहता दिलेली गोळी पत्नीच्या जिवावर बेतू शकते. ती पुडी खिशात घालून घरी आणणाऱ्याने, या निर्णयात आपण नव्हतो, असे म्हणू नये.

गर्भ राहण्यापूर्वीच्या जबाबदारीचेही तसेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या विवाहितांत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के होते. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी धोक्याची आहे. कुटुंबनियोजनाच्या साधनांविषयी मंडळ्यांची मते भिन्न आहेत. परंतु पद्धत कोणतीही असो, अगदी संयमाची असली तरी, तिचे सारे ओझे पत्नीवर टाकावे असे कोणत्याही मंडळीची शिकवण सांगत नाही. जो पुरुष आधी काळजी घेत नाही आणि नंतर “तुझे तू ठरव” म्हणतो, त्याने दोनदा हात झटकलेले असतात.

४. वंशाचा दिवा आणि घराचे दडपण

काही घरांत मात्र पुरुष गप्प नसतो. तो आणि त्याचे घर फार मोठ्याने बोलतात. मुलगी नको, मुलगा हवा, हे ते बोलणे. महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या; २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात प्रथम कायदा करणारे राज्य महाराष्ट्र होते (१९८८), हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांची वेदना अधिकच जाणवते. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला व १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

या केंद्रीय कायद्यातील कलम २४ पुरुषांनी अवश्य जाणून घ्यावे. गर्भवती स्त्रीची लिंगनिदान चाचणी झाली, तर उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालय असे गृहीत धरते की तिच्या पतीने किंवा अन्य नातलगाने तिला त्यासाठी भाग पाडले. म्हणजे सोनोग्राफीच्या टेबलावर स्त्री झोपलेली असली, तरी तिला तेथवर कोणी आणले हा प्रश्न कायदा आधी विचारतो.

ख्रिस्ती समाजाचे चित्र तुलनेने बरे आहे; २०११ साली भारतातील ख्रिस्ती समाजात हे प्रमाण ९५८ होते. याबद्दल देवाचे आभार मानावेत, पण निश्चिंत होऊ नये. दुसरी मुलगी झाली असता पाळकांच्या अभिनंदनालाही ओशाळे हसून उत्तर देणारी घरे आपल्यांतही आहेत. सासूचे टोमणे चालू असताना जो मुलगा वर्तमानपत्रातून डोके वर काढत नाही, त्याने आपल्या पत्नीला कोणत्या रानाकडे लोटले आहे, याचा विचार करावा.

५. दावीद : ज्याला रडू येते तो पुरुष

येथवर आपण पुरुषाच्या जबाबदारीचा विचार केला. आता त्याच्या दुःखाचाही करू. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ आर्थर शोस्टाक यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८४ साली या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. गर्भपात केंद्रांच्या प्रतीक्षागृहात बसलेल्या सुमारे एक हजार पुरुषांना त्यांनी प्रश्न विचारले होते. शोस्टाक स्वतः गर्भपाताच्या कायदेशीर हक्काचे विरोधक नव्हते; मात्र हा अनुभव त्यांच्याही वाट्याला आला होता. प्रश्नांची उत्तरे देणारे बहुतेक पुरुष निर्णयाशी सहमत होते. तरीही अनेकांनी एकटेपणा व बेचैनी व्यक्त केली, आणि त्यांच्याशी याविषयी कोणी बोललेच नव्हते. शिवाय हे तर दवाखान्यापर्यंत आलेले पुरुष होते. जे आलेच नाहीत त्यांच्या मनात काय होते, ते अशा पाहणीतून कळत नाही.

या बाबतीत अतिशयोक्तीही करू नये. प्रत्येक पुरुष खचतोच असे नाही. कोणाला सुटल्यासारखे वाटते. कोणाला काहीच वाटत नाही. कोणाला वर्षांनंतर, दुसरे मूल मांडीवर घेतल्यावर, अचानक भरून येते. कोणी चिडखोर होतो, कोणी दारूला जवळ करतो, कोणी कामात बुडून जातो, आणि पतीपत्नींमध्ये तो एक विषय कुलूप लावलेल्या खोलीसारखा राहतो. पुरुषाने रडू नये अशी आपली रीत असल्यामुळे त्याचे दुःख पुष्कळदा रागाच्या रूपाने बाहेर पडते, आणि तो राग पुन्हा पत्नीवरच निघतो.

दाविदाने आधी काय केले, ते आपण जाणतो. बथशेबेने गरोदर असल्याचा निरोप पाठवताच त्याने ती गोष्ट झाकण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी उरीयाचा प्राणही घेतला. नाथान संदेष्ट्याने त्याला त्याचे पाप दाखवले. पुढे लेकरू आजारी पडले तेव्हा दावीद उपाशी राहून जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशी लेकरू मेले. मग तो उठला, त्याने स्नान केले, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन भजन केले, अन्न घेतले, आणि त्यानंतर बथशेबेचे सांत्वन केले (२ शमुवेल १२:१६-२४). या कथेवरून प्रत्येक गमावलेले मूल ही शिक्षाच असते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तसे येथे म्हटलेले नाही. आपल्याला येथून घ्यावयाचा आहे तो क्रम. प्रथम दाविदाने दोष कबूल केला, मग शोक केला, मग तो देवासमोर गेला आणि शेवटी पत्नीजवळ गेला. दोषी माणसालाही रडण्याची मुभा आहे, आणि दोषी माणसालाही मंदिराचे दार उघडे आहे. स्तोत्र ३२ सांगते की जोवर मनुष्य आपले पाप आत दाबून ठेवतो तोवर त्याची हाडेदेखील झिजतात. आणि कबुलीपाशी आल्यावर त्याला क्षमा मिळते.

६. योसेफ : जवळ उभा राहणारा पुरुष

मत्तयाच्या शुभवर्तमानात योसेफाला कळते की त्याची वाग्दत्त वधू गरोदर आहे आणि मूल आपले नाही. तिला उघडे पाडण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. पण तो नीतिमान होता, म्हणून तिची बेअब्रू न करता तिला सोडण्याचे त्याने मनात आणले. देवाचे मन कळल्यावर मात्र तो मरीयेला आपल्या घरी घेऊन आला. मुलाचे नावही त्यानेच ठेवले. म्हणजे सर्वांसमक्ष पित्याची जबाबदारी पत्करली. पुढे हेरोदाच्या भयाने रातोरात मिसर देशाची वाट धरली.

अब्रामाच्या तोंडी शब्द आहेत, पण कृती नाही. योसेफाचा एकही शब्द चारही शुभवर्तमानांत नोंदलेला नाही. आहे ती केवळ त्याची कृती. पुरुषाचे या निर्णयातील स्थान येथे स्पष्ट होते. ते मालकाचे नाही आणि त्रयस्थ पाहुण्याचेही नाही. जो ओझे उचलतो त्याच्या शब्दाला वजन येते.

समजा पत्नी म्हणते, “हे मूल आत्ता मला शक्य नाही,” आणि पतीला ते हवे आहे. कायदा त्याला नकाराधिकार देत नाही, आणि सक्ती करण्याची परवानगी शास्त्रही देत नाही. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय पतीपुढे ख्रिस्ताच्या आत्मसमर्पणाचा नमुना ठेवतो. मग त्याच्या हाती काय उरते? पुष्कळ काही. रात्री मी उठेन, माझ्या आईशी मी बोलेन, कर्जाचे मी पाहीन, तुझी नोकरी सुटणार नाही, असे तो म्हणू शकतो. मात्र हे आधीच्या मुलाच्या वेळी त्याने करून दाखवलेले असावे. उपदेशाने जे साधत नाही ते पुष्कळदा अशा भरवशाच्या चार वाक्यांनी साधते. आणि तिच्या प्राणाला धोका असेल, तर डॉक्टरांसमोर तिच्या शेजारी बसणे व त्या कठीण घटकेत तिला एकटी न सोडणे, हेच त्याचे काम आहे.

७. मंडळीने काय करावे

पहिली गोष्ट, हा विषय पुरुषांच्या सभेत व विवाहपूर्व मार्गदर्शनात आणावा. दुसरी, एखादा बांधव पूर्वीच्या गर्भपाताचे दुःख घेऊन पाळकांकडे आला, तर त्याचे बोलणे तेथेच राहावे. ते प्रार्थनेच्या विनंतीच्या रूपाने दुसऱ्या दिवशी साऱ्या वस्तीत जाऊ नये. तिसरी, अशा बांधवाला आपल्या पत्नीशी बोलण्यास उत्तेजन द्यावे. पण तिची जखम त्याच्या समाधानासाठी उघडी करू नये, आधी तिची इच्छा विचारावी. चौथी, झोप उडाली असेल, व्यसन जडले असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबरच मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात अविश्वास नाही. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक देशभर चालतो. आणि पाचवी, ज्या तरुण जोडप्याला मूल परवडणार नाही असे वाटते, त्यांना उपदेशाबरोबर दूध, औषध व हातभारही द्यावा. एकमेकांची ओझी वाहण्याची गलतीकरांस पत्रातील आज्ञा (६:२) केवळ ओझ्यांविषयी बोलून पाळली जात नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. उत्पत्ति १६:६ मधील अब्रामाच्या उत्तराने कोणाकोणाचे नुकसान झाले? आपल्या घरांत असे उत्तर कोणत्या शब्दांत दिले जाते?
२. यहूदाने तामारेचा न्याय करण्याची घाई का केली असावी? मुद्रा, गोफ व काठी पाहिल्यावर त्याच्यात कोणता पालट झाला?
३. दाविदाने बथशेबेचे सांत्वन करण्यापूर्वी काय काय केले? तो क्रम का महत्त्वाचा आहे?
४. मुलीच्या जन्माविषयी आपल्या घरातील बोलणे बदलण्यासाठी पुरुष या नात्याने मी कोणते एक पाऊल उचलीन?
५. निर्णयाचा अंतिम शब्द पत्नीचा असताना पतीने आपले मत कसे मांडावे, म्हणजे ते दडपण न होता आधार होईल?

बंधूंनो, ज्याच्या हातून हे घडून गेले आहे त्याला देव टाकून देत नाही. आणि ज्याच्यापुढे ही घडी आज उभी आहे त्याने “तुझे तू ठरव” असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे, पत्नीजवळ बसावे आणि तिला भय कशाचे वाटते, ते आधी विचारावे. रानातल्या हागारेला शोधत जाणारा परमेश्वर त्या बोलण्यात तुम्हा दोघांना साहाय्य करो. आमेन.